डकोटा विमान इतकी वर्षे का टिकले?

डग्लस डीसी-३, म्हणजेच आपल्याकडचे डकोटा, १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले आणि त्यातली काही विमाने आजही कामावर आहेत; असे का, हा आपला प्रश्न. माझ्या मते मुख्य कारण त्याच्या बांधणीत आहे. पंखात अनेक आडव्या तुळया असल्यामुळे भार एकाच जागी एकवटत नाही, आणि केबिनमध्ये हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला नसल्याने, प्रत्येक उड्डाणात फुगून-आकसून धातू थकण्याचा जो त्रास पुढच्या विमानांना झाला, तो याच्या सांगाड्याला झालाच नाही.

शिवाय त्याला पक्की धावपट्टी लागत नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटातूनच. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी सुमारे ११,५०० फूट उंचीवरच्या लेहच्या घाईने तयार केलेल्या वाळूच्या पट्टीवर हेच विमान उतरवले. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला जास्त वेगाने उतरावे लागते, हे लक्षात घेतले की त्या धाडसाचे खरे मोल कळते.

प्रवासी, माल, छत्रीधारी सैनिक, सगळे त्याने वाहिले. अमेरिकेतील बास्लर कंपनी जुन्या सांगाड्यांना टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणारी, इंजिने बसवते, आणि ती विमाने चाकांना बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या (स्की) लावून अंटार्क्टिकात शास्त्रज्ञांची ने-आण करतात.