संथ पाण्यातली होडी
वाचकांचे प्रश्न : ह्यूस्टन परिसरातील बायू आणि तळी

मागील अंकात ह्यूस्टनच्या आसपास कॅनू आणि कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान होड्या, घेऊन फिरण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नव्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की ‘बायू’ हा शब्द अमेरिकेच्या मूळनिवासी चॉक्टॉ लोकांच्या भाषेतून लुइझियानातील फ्रेंच भाषकांच्या तोंडी आला आणि तेथून इंग्रजीत रुळला. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या सपाट प्रदेशात, उतार जवळजवळ नसल्यामुळे रेंगाळत वाहणाऱ्या प्रवाहाला तो लावतात. आपल्याकडचा ओढा पावसाळ्यात गर्जतो आणि उन्हाळ्यात आटतो. बायू मात्र बाराही महिने भरलेला असतो आणि बहुतेक दिवस तो वाहतो आहे की थांबला आहे हेही कळत नाही. या शांत दिसण्यावर विसंबू नये, हेच पुढच्या बहुतेक उत्तरांत मला सांगायचे आहे.

प्रश्न : शनिवारी दिवसभर पाऊस पडला, रविवारी उघडीप झाली. मंगळवारी रजा काढून आम्ही बफेलो बायूवर कयाक घेऊन गेलो, तर आकाश निरभ्र असूनही पाणी इतक्या वेगाने चालले होते की आम्ही होडी पाण्यात न घालताच परतलो. पाऊस थांबून इतके दिवस झाल्यावर पाणी का वाढावे? (एक वाचक, केटी)

उत्तर : परतलात हे अगदी योग्य केलेत. बफेलो बायूच्या वरच्या अंगाला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन मोठे जलाशय आहेत. १९२९ आणि १९३५ च्या महापुरांनी ह्यूस्टनचे फार नुकसान केले, म्हणून अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने १९४० च्या दशकात हे बांध घातले. एरवी हे जलाशय कोरडे असतात. त्यांच्या पोटात चक्क उद्याने आणि खेळाची मैदाने आहेत. जोराचा पाऊस सुरू झाला की त्यांचे दरवाजे बंद करतात, म्हणजे खालच्या शहरावर एकदम लोंढा येत नाही, आणि शहरातले पाणी ओसरल्यावर साठलेले पाणी बेताबेताने सोडू लागतात. त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडल्यावरही खालच्या अंगाला प्रवाह कित्येक दिवस जोरात राहतो. कोयनेतून किंवा खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की खाली पाऊस नसतानाही नदीकाठच्या लोकांना सावध करतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या वेळी तर पाऊस चालू असतानाच पाणी सोडावे लागले आणि बायूच्या काठची अनेक घरे त्यात बुडाली.

म्हणून निघण्यापूर्वी आभाळाकडे पाहून भागत नाही, जलमापन केंद्राची नोंद पाहावी लागते. शेफर्ड ड्राइव्हच्या पुलाजवळ असे केंद्र आहे आणि त्याची नोंद अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिथला प्रवाहाचा आकडा घनफूट प्रतिसेकंद, म्हणजे आपल्याला पावसाळ्यातल्या बातम्यांमुळे पाठ झालेल्या क्युसेकमध्येच असतो. आठ-पंधरा दिवस रोज हा आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. कोरड्या दिवसांत तो साधारण कितीवर असतो हे लक्षात राहिले की वाढलेले पाणी घरबसल्या ओळखू येते.

वाढलेल्या पाण्यात खरा धोका वेगाचा नसून झाडांचा असतो. काठ खचून आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी सहज निघून जाते, पण होडी आणि माणूस अडकतो, आणि मागून येणारा प्रवाह त्याला तिथेच दाबून धरतो. चाळणीतून पाणी जाते आणि तांदूळ वर राहतात, तसे हे आहे. असे झाड लांबून दिसताच काठाला लागावे आणि होडी उचलून पलीकडे न्यावी. दुसरी गोष्ट अशी की मोठ्या पावसानंतर रस्त्यांवरची आणि गटारांतली सगळी घाण बायूत उतरते. पाण्याचा जोर ओसरला तरी आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि अंगावर जखम असेल तर मुळीच जाऊ नये.

एवढे सांभाळले तर बफेलो बायू हे फार मोठे सुख आहे. हायवे ६ पासून ॲलन्स लँडिंगपर्यंत सुमारे २६ मैलांचा जलमार्ग आखलेला आहे, आणि तो जिथे संपतो तिथेच, व्हाइट ओक बायूच्या संगमाजवळ, ॲलन बंधूंनी १८३६ मध्ये हे शहर वसवले. उंच इमारतींच्या सावलीतून जाताना दोन्ही बाजूंना बगळे स्थिर उभे असतात. वॉ ड्राइव्हच्या पुलाच्या फटींमध्ये अडीच लाखांच्या आसपास वटवाघळे राहतात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात; हे दृश्य पाण्यावरून पाहायचे असेल तर सोबत पांढऱ्या प्रकाशाची विजेरी हवीच, कारण अंधार पडल्यावर दिव्याशिवाय होडी चालवणे नियमबाह्य आहे.

प्रश्न : माझे सासरे एकाहत्तर वर्षांचे आणि सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. दोघे कराडहून चार महिन्यांसाठी आले आहेत. सासरे लहानपणी कृष्णेत आणि विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे लाइफ जॅकेट घालायला तयार नाहीत. सासूबाईंना पोहता येत नाही, पण त्यांनाच होडीची जास्त हौस आहे. दोघांना नेणे योग्य ठरेल का? (एक वाचक, शुगर लँड)

उत्तर : जरूर न्या, आणि सासूबाईंची हौस आधी पुरवा. पोहता न येणे ही अडचण आहे, पण जॅकेट नीट बसलेले असेल, पाणी उथळ आणि संथ असेल आणि शेजारी अनुभवी माणूस असेल, तर ती आड येत नाही.

सासऱ्यांचे म्हणणे मला चांगले समजते. कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, काठावर उभ्या असलेल्या काकांच्या धाकाने जो पोहायला शिकला, त्याचा पाण्यावरचा विश्वास वयाबरोबर कमी होत नाही, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु विहिरीत आपण ठरवून उडी मारतो. होडीतून पडणारा माणूस ठरवून पडत नाही. तो अंगातल्या कपड्यांसह, श्वास न घेता, कधी वल्ह्याचा किंवा होडीच्या कडेचा मार खाऊन पडतो. बायूचे पाणी चहासारखे काळसर असते आणि खाली बुंधे व मुळ्या असतात. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही, तेव्हा तोंड पाण्याच्या वर ठेवण्याचे काम जॅकेट करते. होडीच्या अपघातांत बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते, आणि त्यांत पोहता येणारेही होते. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे होडीत प्रत्येकामागे एक जॅकेट असावेच लागते आणि तेरा वर्षांखालील मुलांनी ते अंगात घालावेच लागते. मोठ्यांनी ते घालण्याची सक्ती नाही, पण सासऱ्यांना असे सांगून पाहावे की, “बाबा, तुम्ही घातले नाही तर नातवंडेही घालणार नाहीत.” माझ्या अनुभवात याच्यापुढे कोणी हट्ट धरलेला नाही.

जॅकेट घातल्यावर खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे असे समजावे. सासूबाईंनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा पँट घालावी, ओढणी गाडीत ठेवावी, कारण होडी उलटली तर पायाला गुंडाळलेले कापडच अधिक घात करते. त्यांच्यासाठी वरून उघडी, रुंद, दोघांची कयाक घ्यावी आणि तुम्ही मागे बसावे. बंद कयाकमध्ये पाय आत घालून बसावे लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठणे जड जाते. होडीत पाय ठेवताना आणि उतरतानाच माणसे सर्वांत जास्त पडतात, म्हणून धक्क्यापेक्षा वाळूचा किंवा सिमेंटचा उतार असलेली जागा निवडावी.

जून ते सप्टेंबर हे महिने त्यांच्यासाठी टाळलेले बरे. तेच दिवस सोयीचे असतील तर सूर्योदयाला पाण्यात उतरून नऊच्या आत काठावर परत यावे, माणशी दोन लिटर पाणी आणि कोकम सरबताची बाटली बरोबर ठेवावी. त्या महिन्यांत दुपारी ढग दाटतात, आणि पहिला गडगडाट ऐकू आला की पाण्यावर राहू नये.

प्रश्न : नवशिक्यांनी पहिल्यांदा कुठे जावे? कॅनू घ्यावी की कयाक? (एक वाचक, क्लिअर लेक)

उत्तर : आर्मंड बायू तुमच्या घराजवळच आहे, आणि मीही तिथेच शिकले. ह्यूस्टनचे बहुतेक बायू पूरनियंत्रणासाठी सरळ केले गेले, काहींना सिमेंटचे अस्तर लावले गेले. आर्मंड बायू मात्र आपल्या मूळ वळणांनी वाहतो, आणि तो तसा राहिला याचे मोठे श्रेय ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या निसर्गप्रेमी आर्मंड यांना जाते. पूर्वी याला मिडल बायू म्हणत. १९७० मध्ये आर्मंड यांची हत्या झाली, त्यानंतर हे नाव दिले गेले. कारखान्यांनी आणि शहरांनी जमिनीखालचे पाणी अनेक दशके उपसल्यामुळे इथली जमीन खचली आणि काठच्या पाणथळ गवताचा बराच भाग बुडाला. १९७५ मध्ये त्या उपशावर नियंत्रण आणणारी यंत्रणा उभी राहिली, आणि त्यानंतर तिथे हाताने गवत लावून काठ पुन्हा उभे करण्याचे काम झाले. अशा जागी होडी चालवताना काठाच्या गवतात वल्हे खुपसू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कोकणातल्या वाचकांना इथे एक गोष्ट नवी वाटेल. आपल्याकडे तिथी पाहून उधाण कधी आणि भांग कधी हे सांगता येते. गॅल्व्हस्टनच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट असतो आणि तिथे चंद्रापेक्षा वाऱ्याची सत्ता अधिक चालते. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारा सुटला की तो पाणी समुद्राकडे ढकलून देतो आणि आर्मंड बायूत काल जिथे होडी तरंगत होती तिथे आज चिखल दिसतो. माझ्या पहिल्या सहलीत वारा पाठीशी होता. तासाभरात आम्ही खूप दूर गेलो, आपल्याला छान जमते आहे असे वाटले, आणि परत येताना त्याच अंतराला तीन तास लागले. तेव्हापासून मी जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघते आणि हातातला निम्मा नव्हे, तर तिसरा हिस्सा वेळ संपला की परत फिरते. नवशिक्याने एकूण दोन-तीन मैलांच्या पुढे जाऊ नये.

कॅनू की कयाक, याचे उत्तर थोडक्यात देते. कयाकला दोन पात्यांचे वल्हे असते, ती सरळ ठेवायला सोपी आणि वाऱ्यात कमी भरकटते. कॅनूत सामान आणि लहान मूल मावते, पण एका पात्याच्या वल्ह्याने तिची दिशा राखणे शिकावे लागते. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करा.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी ॲलिगेटरच्या भीतीने यायला नको म्हणते. तिला काय सांगू? (एक वाचक, पेअरलँड)

उत्तर : तिला खरे तेच सांगावे. मगरीसारखे दिसणारे हे ॲलिगेटर तिथे आहेत, बहुधा एखादा दिसेलही, आणि तो आपल्याला पाहून सहसा पाण्याखाली जाईल. एकेकाळी शिकारीमुळे हा प्राणी नाहीसा होण्याच्या बेतात होता. संरक्षण मिळाल्यावर त्याची संख्या इतकी वाढली की १९८७ मध्ये त्याला संकटग्रस्तांच्या यादीतून काढले. किमान तीस फूट अंतर ठेवावे, हात पाण्यात सोडून बसू नये, कुत्रा बरोबर नेऊ नये. त्याने फुस्स असा आवाज केला तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. जून-जुलैत मादी काठावर पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी घालते आणि राखत बसते, म्हणून त्या दिवसांत गवताळ काठाला होडी लावू नये. त्याला खाऊ घालणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे, कारण माणूस म्हणजे अन्न असे शिकलेला ॲलिगेटरच पुढे धोकादायक होतो आणि शेवटी त्यालाच मारावे लागते. हे कारण नऊ वर्षांच्या मुलीला नक्की पटेल. भीती राहिलीच तर पहिली सहल जानेवारीत करावी, तेव्हा ते थंडीने सुस्त असतात.

प्रश्न : कॅडो लेकला दोन दिवस जाण्याचा विचार आहे. तिथे वाट चुकते असे ऐकले. ते खरे आहे का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : खरे आहे. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवरचे हे तळे म्हणजे मोकळे पाणी नसून पाण्यात उभे असलेले जंगल आहे. सायप्रसची झाडे सगळीकडे सारखीच दिसतात, त्यांच्या मुळ्यांचे गुडघ्यासारखे सुळके पाण्याबाहेर येतात आणि फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात. या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे आणि बांडगूळही नव्हे. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे आणि झाडाचा रस शोषत नाही. नोव्हेंबरात सायप्रसची पाने तांबूस होऊन गळतात, तो काळ मला सर्वांत आवडतो. खुणांचे खांब लावलेले ५० मैलांहून अधिक जलमार्ग तिथे आहेत. कॅडो लेक राज्य उद्यानातून त्यांचा कागदी नकाशा घ्यावा, प्रत्येक खांबाचा क्रमांक नकाशावर टिपत जावा आणि फोनवर विसंबू नये. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे काठावरच्या कोणाला तरी सांगून निघावे.

१९९३ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असलेल्या या तळ्याला २००६ पासून जायंट साल्व्हिनिया या तरंगत्या तणाने ग्रासले आहे. पुण्यातल्या नद्यांवरची जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते चित्र वेगळे सांगायला नको. अनुकूल हवेत हे तण आठवड्याभरात दुपटीने वाढते आणि खालच्या पाण्याला उजेड मिळू देत नाही. ते खाणारा एक चिमुकला भुंगा तिथे मुद्दाम वाढवून सोडतात. याच भुंग्याने १९८० च्या दशकात केरळच्या कालव्यांतले हे तण आटोक्यात आणले होते, पण कॅडोच्या कडक थंडीत त्याला तग धरणे अवघड जाते. त्यामुळे हे तण दुसऱ्या तळ्यात न नेणे हे आपल्याच हाती राहते, आणि त्याची वाहतूक करणे टेक्सासमध्ये गुन्हाही आहे. होडी गाडीवर चढवण्यापूर्वी तिच्यातले सगळे पाणी तिथेच ओतून टाकावे, वल्ही, दोर, जॅकेटचे खिसे आणि बुटांचे तळ हाताने चाचपून पाहावेत, आणि घरी आल्यावर होडी उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय तिला दुसऱ्या पाण्यात घालू नये.