आधी उभा कुठे आहेस ते सांग

प्रिय मित्रा,

तुझा लेख वाचला. भाषा चांगली आहे, पण अडचणीची जागा आली की ‘ज्याचा त्याचा पर्स्पेक्टिव्ह’ म्हणून अंग काढून घेतोस. वर मलाच विचारतोस, यातलं खरं कोणाचं? अरे, तू उभा कुठे आहेस ते आधी सांग.

ज्या शब्दामागे लपतोस, त्याचं कूळ तरी बघ. लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. मध्ययुगात ‘पेर्स्पेक्टिव्हा’ हे प्रकाश आणि दृष्टीच्या शास्त्राचं नाव होतं. शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमचा दृष्टीवरचा अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरला आणि रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाने १२६७ च्या आपल्या महाग्रंथात या शास्त्राला अख्खा भाग दिला. त्यात किरण, आरसे, डोळ्याची रचना असा सगळा पक्का मामला. ‘मला आपलं असं वाटतं’ला तिथे थारा नव्हता.

पुढे हा शब्द चित्रकलेत आला, सपाट चित्रात खोली दाखवायच्या रीतीसाठी. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला मसुराएवढं भोक पाडलं. फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र पाहायचं. आकाशाच्या जागी त्याने चकचकीत चांदी लावली होती; खरे ढग तिच्यात सरकताना दिसत. पण डोळा जरा हलला की खेळ खलास. १४३५ मध्ये अल्बेर्ती या इटालियन विद्वानाने ही रीत लिहून काढली. पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची आणि अंतर ठरल्याखेरीज फरशीची रेषासुद्धा धड पडत नाही.

मत, भूमिका वगैरे अर्थ फार नंतरचे. आणि आपला ‘दृष्टिकोन’ घेतलास तरी सुटका नाही. शिरोबिंदूशिवाय कोन काढून दाखव!

मला लोक हेकट म्हणतात. म्हणोत बापडे. बैठकीत मी आधी सांगतो, मी कोणाच्या बाजूने बोलतोय आणि त्यात माझा स्वार्थ काय. मग खुशाल खोडून काढा. ‘सगळ्यांचंच बरोबर’ म्हणणारे माझ्यापुढे गेले, याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण त्यांना खोडायचं तर पकडायचं कुठे?

तुझ्यात दम आहे, म्हणून एवढं चिडून लिहितोय. लेख पुन्हा लिही. तुला काय दिसतं, कुठून दिसतं आणि तिथून काय दिसत नाही, हे पहिल्या पानावर यायला हवं. ‘ज्याचा त्याचा’ पुन्हा दिसलं, तर पुढचं न वाचता परत पाठवीन.

तुझा,
एक हेकट वाचक