किव्हीमध्ये (पायथॉनमध्ये ॲप बनवायची लायब्ररी) काम अर्धवट असताना ॲपचं ‘बंद करा’ बटण काही वेळापुरतं कसं लपवावं?

ओपॅसिटी (अपारदर्शकता) ० करूनही बटण दाबलं जातंय, कारण ओपॅसिटी फक्त दिसण्यापुरती असते; विजेट (बटणासारखा पडद्यावरचा घटक) जागेवरच राहतं आणि स्पर्शही घेतं. सोबत डिसेबल्ड ट्रू केलं, म्हणजे बटण निष्क्रिय केलं, तर बटणाची कृती होणार नाही, पण तेवढ्या भागातला स्पर्श ते गिळत राहील आणि लेआउटमधली (पडद्यावरच्या मांडणीतली) जागाही अडवेल.

माझ्या मते सरळ रिमूव्ह_विजेट वापरा आणि हवं तेव्हा ॲड_विजेटने परत आणा. मात्र काढण्याआधी बटण सेल्फमधल्या (तुमच्या क्लासच्या ऑब्जेक्टमधल्या) एखाद्या व्हेरिएबलमध्ये नीट धरून ठेवा. सेल्फ.आयडीजमधून (आयडी दिलेल्या विजेट्सच्या यादीतून) मिळतो तो दुबळा संदर्भ असतो, म्हणजे तो विजेटला मेमरीत धरून ठेवत नाही. तोच साठवला, तर काढलेलं विजेट मेमरीतून पुसलं जाऊ शकतं आणि नंतर रेफरन्सएरर येतो. केव्ही फाइलमध्ये (किव्हीची मांडणी लिहायची फाइल) बटणाला आयडी दिला असेल तर त्या आयडीला .__सेल्फ__ लावून खरा संदर्भ घ्या. इथेच बरेच जण अडकतात.

आणि अँड्रॉइडचं बॅक बटण विसरू नका! विंडोच्या ऑन_कीबोर्डला फंक्शन बाइंड करा, की २७ (बॅक बटणाचा कोड) आली की ट्रू परत करा; नाहीतर बटण लपवूनही ॲप बंद होईल. हा अडथळा फक्त काम अर्धवट असेपर्यंत ठेवा, वापरणाऱ्याला कोंडून ठेवू नका.