सीएम३ वाल्या इंडस्ट्रियल पीसीची रॅम वाढवता येते का, की सरळ सीएम५ टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पॅकिंग मशीनच्या पॅनलमध्ये रेलवर बसवलेला छोटा पीसी आहे, आत रास्पबेरी पायचं कम्प्युट मॉड्यूल ३ म्हणजे सीएम३, पाच-सहा वर्षं गुमान चालला आणि आता स्क्रीन अडकते, आठवड्यातून एकदोनदा मेन स्विच बंद-चालू करावा लागतो, मग रॅम वाढवू की त्याच मालिकेतलं नवं सीएम५ टाकू.

रॅमचं आधी मिटवून टाकू. डबा उघडल्यावर जी पट्टी तिरकी घालून दाबून बसवलेली दिसते ना, दोन्ही बाजूला क्लिपा, अगदी जुन्या लॅपटॉपच्या रॅमसारखी, ती रॅम नाहीये, तो अख्खा कम्प्युटरच आहे. सॉकेट २०० पिनचं, डीडीआर२ लॅपटॉप रॅमचंच घेतलंय, त्यामुळे गोंधळ होतोच, आमच्याकडचा एक पोरगा तर डीडीआर२ ची पट्टी विकत घेऊन आला होता, नशीब मी चहा प्यायला गेलो नव्हतो. रॅम त्या मॉड्यूलवरच सोल्डर केलेली आहे, १ जीबी, ती वाढत नाही. विषय संपला.

आता माझा प्रश्न, पाच वर्षं त्याच रॅमवर तेच काम होत होतं तर आज अचानक रॅम कशी कमी पडली? रॅम झिजत नाही हो. झिजतं ते स्टोरेज, आणि थकतो तो एसएमपीएस, म्हणजे २४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय. मी आजवर जेवढे असले डबे उघडलेत त्यात प्रोसेसर कमी पडतोय अशी केस फार कमी वेळा निघाली.

स्टोरेजचा हिशोब करून बघा. सीएम३ वर ईएमएमसी, म्हणजे मॉड्यूलवरच सोल्डर केलेली स्टोरेज चिप, फक्त ४ जीबी असते, लाइट मॉडेल असेल तर तीही नाही, मग खालच्या बोर्डवर एसडी कार्ड असतं. तुमचं सॉफ्टवेअर दर सेकंदाला डेटाबेसमध्ये एक ओळ टाकतंय असं धरा, ओळ असेल शंभर बाइटची पण ती पक्की सेव्ह करायला आतमध्ये साधारण १५-२० केबी लिहिलं जातं, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे झाले की रोजचे सव्वा ते पावणेदोन जीबी. ४ जीबीच्या चिपवर. वर्षानुवर्षं. वरून फ्लॅशचं आतलं गणित वेगळंच, एक छोटी नोंद बदलायची तरी मोठा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणजे खरी झीज त्याहून जास्त. मग चिप लिहायला वेळ घ्यायला लागते, सगळे प्रोग्राम तिच्यासाठी थांबतात आणि ऑपरेटर म्हणतो हँग झाला. एमएमसी युटिल्स हा लिनक्सचा छोटा प्रोग्राम टाकून ईएमएमसीची लाइफ टाइम एस्टिमेट, म्हणजे किती आयुष्य वापरलं त्याचा अंदाज, वाचा, चिप ईएमएमसी ५.० किंवा पुढच्या व्हर्जनची असेल तर आकडा मिळतो, १ म्हणजे दहा टक्क्यांच्या आत वापर, ११ म्हणजे आयुष्य संपून वर बोनसवर चाललीय.

दुसरं पॉवर. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये असाच डबा रोज सकाळी साडेआठला बंद पडायचा, मी बिनधास्त मॉड्यूल बदललं, दोन दिवस बरं चाललं म्हणून बिलही लावलं, तिसऱ्या दिवशी साडेआठला परत फोन. नंतर तिथे उभा राहून बघितलं, कंप्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू करणारा मोठा रिले, ओढला की त्याच २४ व्होल्टच्या लाइनवर खाच पडत होती, व्होल्टेज क्षणभर खाली जायचं. मीटरवर काहीच दिसत नव्हतं, २४.१ दाखवत बसला होता, ऑसिलोस्कोप लावल्यावर दिसलं की काही मिलिसेकंदांसाठी १५ च्याही खाली जातंय. कॉइलला डायोड लावला, पीसीला वेगळा छोटा एसएमपीएस दिला, बस. मॉड्यूलचे पैसे मात्र मी परत केले, शरम वाटली. जुनं मॉड्यूल अजून माझ्या टेबलावर मस्त चालतंय.

हे दोन्ही तपासून पण अपग्रेडच करायचं ठरलं तर सीएम५ विसरा. सीएम५ काय, २०२० चं सीएम४ पण तुमच्या सॉकेटमध्ये बसणार नाही, तेव्हापासून मॉड्यूलचा आकारच बदलला, ५५ बाय ४० मिमी, खाली १०० पिनचे दोन कनेक्टर. अडॅप्टर बोर्ड मिळतात, पण कंपन असलेल्या मशीनवर एकावर एक मजले चढवायचे हे माझ्या मनाला पटत नाही. तुमच्यासाठी आहे ते सीएम४एस, जुन्याच २०० पिनच्या आकारात सीएम४ चा प्रोसेसर, खास असल्या जुन्या बोर्डांसाठीच काढलेलं. कुनबस कंपनीच्या रेव्होल्यूशन पाय या इंडस्ट्रियल पीसीनेही कोअर एस, कनेक्ट एस मॉडेलमध्ये तेच घेतलंय. तरीपण डबा ज्याने बनवला त्याला मेल टाकून विचारा की खालचा बोर्ड त्याला पुरेसा करंट देतो का, कारण हा प्रोसेसर जास्त खातो आणि जास्त तापतो, आणि झाकणाला टेकणारा थर्मल पॅड नव्या चिपला नीट टेकतोय का ते डोळ्यांनी बघा. मे महिन्यात बंद पॅनलच्या आत काय भट्टी होते ते तुम्हाला माहितीच आहे.

आणि खरी डोकेदुखी सॉफ्टवेअरची असते. स्ट्रेच वगैरे जुन्या ओएसची इमेज सीएम४एस वर बूटच होत नाही, नवी ओएस टाकावी लागते, आणि ६.६ च्या कर्नलपासून जुन्या पद्धतीने (सिसएफएस) रिले-सेन्सरच्या जीपीआयओ पिन उघडणाऱ्या स्क्रिप्टचे नंबर ५१२ ने सरकलेत, म्हणजे १७ नंबर मागितला की एरर, ५२९ मागायचा. मला हे कळेपर्यंत एक अख्खी शिफ्ट गेली होती, रिले का वाजत नाही म्हणून वायरिंग उपसत बसलो होतो.

मी तुमच्या जागी असतो तर या रविवारी आधी बूट जंपर लावून यूएसबीने ईएमएमसीची पूर्ण इमेज लॅपटॉपवर घेतली असती, कारण एकदा चिप गेली की मशीनची सेटिंग पण गेली. मग सॉफ्टवेअरवाल्याला सांगून डेटा मेमरीत साठवून मिनिटातून एकदाच लिहायला लावलं असतं, वीज गेली तर एका मिनिटाच्या नोंदी जातील, पॅकिंगच्या मोजणीला चालून जातं. लॉग फाइल्स रॅममध्ये वळवल्या असत्या. एवढं करून महिनाभर बघा. चिपचा आकडा ९-१० च्या पुढे असेल तर मात्र महिना थांबू नका, सीएम३प्लस ३२ जीबीवालं मिळतंय का बघा, त्याच सॉकेटमध्ये बसतं, जुन्या सॉफ्टवेअरला सगळ्यात कमी त्रास त्याचाच.

लाइट आहे की ईएमएमसीवालं ते मॉड्यूलच्या स्टिकरवर असेल, ते आणि ओएसचं व्हर्जन खाली टाका, मग पुढचं सांगतो.