पूर आपल्याकडे, विमानं म्यानमारला: परदेशी मदतीचा पैसा कुठला आणि तालमीला सामान पाठवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात पूर आला की भरपाईसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, मग सरकार तुर्की-म्यानमारला विमानं भरून सामान पाठवतं ते कुठल्या पैशातून? ती मदत नेमकी जाते कशी? आणि आपल्या तालीम मंडळाला कपडे-धान्य गोळा करून परदेशातल्या आपद्ग्रस्तांना पाठवता येईल का?

आधी पैशाचं बघू. हे दोन पैसे एका खात्यातले नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, चिखली-आंबेवाडीत आणि शिरोळ तालुक्यात पाणी शिरलं, की भरपाई निघते ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. ती रखडते ती पंचनाम्यात, याद्यांत आणि बँक खातं न जुळल्यामुळे. तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे, पण म्यानमारचं विमान थांबवलं म्हणून शिरोळचा पंचनामा एक दिवसही लवकर होणार नाही.

परदेशातली मदत परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीतून जाते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या मंत्रालयाला सुमारे २०,५१६ कोटी रुपये होते आणि केंद्राचा एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसे, आणि त्यातच जगभरचे दूतावास आणि पासपोर्टचं कामही आलं. मदतीत सगळ्यात मोठा वाटा भूतानचा, २,१५० कोटी. नेपाळला ७०० आणि मालदीवला ६०० कोटी.

शिवाय विकासासाठी म्हणून जी मोठी रक्कम आपण बातम्यांत वाचतो, ती बहुतेक वेळा कर्ज असते. समोरचं सरकार आपल्या दूतावासामार्फत मागणी करतं, प्रकल्प अहवाल देतं, परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालय तो तपासतात आणि एक्झिम बँक, म्हणजे सरकारची निर्यात-आयात बँक, करार करते. अट अशी की साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. त्यामुळे त्यातला बराच पैसा इथल्याच कारखान्यांकडे येतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांनी एक्झिम बँकेच्या निविदांवर लक्ष ठेवावं, पंप आणि शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग अशा प्रकल्पांत लागतात. बाकी १९६४ पासून चालू असलेला 'आयटेक' हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. त्यात परदेशातले अधिकारी, तंत्रज्ञ इथे येऊन शिकून जातात.

आता संकटातली मदत. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावरून वायुदलाचं सी-१३०जे विमान १५ टन सामान घेऊन यांगूनला उतरलं. तंबू, झोपायच्या पिशव्या, ब्लँकेट, तयार जेवण, जलशुद्धीकरणाची साधनं, सौरदिवे, जनरेटर, औषधं. मागून नौदलाची जहाजं, एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) जवान आणि मंडालेत लष्कराचं फिल्ड हॉस्पिटल. ही मोहीम म्हणजे 'ऑपरेशन ब्रह्मा'. इतक्या लवकर ते जमलं, कारण सामान आधीपासून बांधून ठेवलेलं असतं आणि त्या देशाच्या सरकारने होकार दिलेला असतो. होकाराशिवाय कुणाचंही विमान उतरत नाही.

अडतं ते बहुतेक वेळा पोचवण्यात. म्यानमारच्या भूकंपात राजधानी नेप्यिदॉच्या विमानतळाचा नियंत्रण मनोराच कोसळला होता. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूची एकच धावपट्टी, तीही खराब होऊ लागली, म्हणून जड विमानं बंद करावी लागली. अफगाणिस्तानसाठी आपण ५०,००० टन गहू देऊ केला होता. गहू इथे तयार होता, पण पाकिस्तानातून रस्ता मिळून अटारी सीमेवरून पहिले ट्रक निघायला २२ फेब्रुवारी २०२२ उजाडला. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा पलीकडे टँकर उभे होते आणि शहरात पाण्याची बोंब होती. परदेशातही अडचण तीच असते, फक्त मधे सीमा असतात.

म्हणून विमानात काय भरायचं याचा हिशोब फार कडक असतो. पाण्याचंच बघा. सी-१३०जे मध्ये जास्तीत जास्त २० टनांच्या आसपास माल जातो. सगळं विमान पाण्याने भरलं तर २०,००० लिटर. माणशी दिवसाला पिण्या-रांधण्याला, धुण्याला मिळून १५ लिटर धरले, तर अख्खं विमान जेमतेम १,३३३ माणसांना एक दिवस पुरतं. त्याच जागेत शुद्धीकरणाची यंत्रं नेली तर तिथलंच गढूळ पाणी आठवडेच्या आठवडे पिण्याजोगं करता येतं. बाटल्यांचे फोटो छान येतात, पण विमानातून पाणी नेणं ही शेवटची निवड.

दवाखान्याचंही तसंच. 'भीष्म' नावाचा जो घडीचा दवाखाना भारताने केलाय, त्यात ७२ छोटे चौकोनी खोके असतात, प्रत्येकी २० किलोंच्या आत, म्हणजे एका माणसाला उचलता येतील असे. १२ खोक्यांचा एक सांगाडा, तीन सांगाड्यांचा एक मोठा ठोकळा, असे दोन ठोकळे. साधारण २०० जखमींवर उपचार होतील एवढं सामान त्यात बसतं. रस्ता नसेल तिथे खोके पाठीवर नेता येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये असे चार संच युक्रेनला दिले. खरी हुशारी खोक्याच्या वजनात आहे. ४० किलोंचा खोका केला असता तर प्रत्येकाला दोन माणसं लागली असती.

आता तालमीचं. कळकळीने सांगतो, कपडे आणि धान्य गोळा करू नका. २०१९ च्या पुरात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते निवडायला माणसं अडकली आणि शेवटी कचरा म्हणून उचलावे लागले. परदेशात तर वर कागदपत्रं येतात. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक आणि सीमाशुल्काचे कागद हवेत, धान्याला रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि लाकडी खोके किंवा पॅलेट असतील तर ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर माल बंदरातच अडकतो. घरात उरलेली औषधं तर अजिबात नकोत. पोचताना मुदत किमान वर्षभर शिल्लक हवी आणि वेष्टनावर औषधाचं मूळ नाव हवं, नुसतं कंपनीचं नाव चालत नाही.

पैसे द्या. पण मंडळाच्या खात्यातून थेट परदेशी पाठवायला जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत देणगी पाठवता येते ती फक्त एकेका व्यक्तीने स्वतःच्या नावाने, मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या नावाने नाही. आणि नोंदणीकृत ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेवरची आयकर सूट जाते. हिशोबनिसाला हे आधी विचारा, वर्षाअखेरीस कळलं तर उशीर झालेला असतो.

सोपा मार्ग असा: त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला ई-मेल करून काय हवंय ते विचारा. ते खातं देतात किंवा वस्तूंची यादी. यादीत ब्लँकेट असेल तर नवीनच घ्या, एकाच मापाचे, आणि खोक्यावर तीन बाजूंना आत काय, नग किती, वजन किती हे ठळक लिहा. एका खोक्यात एकच वस्तू. उतरवून घेणाऱ्याला खोका न फोडता कळलं पाहिजे की तो तंबूंच्या रांगेकडे न्यायचा की दवाखान्याकडे.