बदामाची पानं फिशटँकमध्ये

प्रश्न: आमच्या म्हापशाच्या घरामागे देशी बदामाचं मोठं झाड आहे, रोज ढीगभर पानं झाडून टाकते. मुलाने फायटर मासा आणलाय, तो म्हणतो हीच पानं दुकानात पैसे देऊन मिळतात! खरंच घरची टाकली तर चालतील का?

उत्तर: चालतील की, आणि मुलगा बरोबर बोलतोय. फक्त झाडावरची हिरवी ओरबाडू नका, आपोआप गळलेली, तांबडी-तपकिरी झालेली, कोरडी पानंच घ्या. रस्त्याच्या कडेची, फवारणी झालेली किंवा चिखलात कुजून बुरशी आलेली नकोत. म्हणून पावसाळ्यात नादच सोडा, उन्हाळ्याआधी गोळा करून ठेवा. साध्या पाण्याने धुवायची, साबण अजिबात नाही, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकवून कागदी पिशवीत ठेवायची, प्लास्टिकमध्ये दमट राहिली की वास मारतात. टाकण्याआधी गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा म्हणजे पान तळाला बसतं, नाहीतर दोन दिवस वर तरंगत राहतं. वीस लिटरला एक मध्यम पान पुरे. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, ते पानातून उतरणारं टॅनिन (तुरट द्रव्य) आहे, फायटरला असलं पाणी आवडतं. रंग नको असेल तर पान जास्त उकळा, पण मग टाकायचंच कशाला! विहिरीचं पाणी आधीच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असेल तर पीएच जास्त उतरू शकतो, म्हणजे पाणी जास्त आम्ल होतं, तेव्हा अर्ध्या पानाने सुरुवात करा. पान जाळीदार झालं की काढून दुसरं टाका. आणि हो, अंगणातल्या कण्हेरीची पानं चुकूनही नको, ती विषारी, आणि चीक येणाऱ्या चाफ्याचीही नकोत.