पायाने चालणारा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) लाकडात अडतो. मोटर लावू की चाक बदलू?

भाऊ, तुम्ही जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर लेथ बसवला, खांब अंगणात गाडले. रिकामा छान फिरतो, पण सागाच्या बेलण्याला पटाशी टेकवली की अडतो आणि सगळा सांगाडा थरथरतो. मोटर आत्ताच नका लावू. हलणाऱ्या सांगाड्याला मोटर लावली तर तो आणखी जोरात हलेल, एवढंच.

तुमची जमीन काळी असेल तर अर्धं दुखणं तिथंच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नुसता गाडलेला खांब मे महिन्यात दातासारखा हलतो. खड्डा रुंद घ्या, दोन फूट खोल. खांबाभोवती मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका. वरचे आडवे पाट जुन्या घराच्या नाटेचे, म्हणजे तुळईचे, मिळाले तर सोनंच. खाली फळी ठोकून खताच्या पोत्यांत वाळू भरून ठेवा. वजन जितकं जास्त तितकी थरथर कमी.

आता चाक. शिलाई मशीनचं चाक सुई चालवण्यापुरतं असतं, लाकडाचा अडथळा त्याला झेपत नाही. चाकात ताकद साठते ती काठावरच्या वजनाने. तेच वजन दुप्पट व्यासाच्या काठावर नेलं, तर तेवढ्याच फेऱ्यांत साठा चौपट होतो. म्हणून भंगारवाल्याकडे हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीचं बिडाचं चाक शोधा. गावोगावी विजेच्या कुट्ट्या आल्यापासून ती पडूनच असतात. पाती आधी काढा, हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो. चाक शाफ्टसकट घ्या, शाफ्टच्या मापाचे दोन प्लमर ब्लॉक (शाफ्ट धरणारी बेअरिंगची घरं) लावा आणि टोकाला वेल्डिंगवाल्याकडून क्रँक, म्हणजे पायडलने चाक फिरवणारा वाकडा दांडा, बसवून घ्या. क्रँक मध्यापासून दोन-अडीच इंच बाहेर पुरे. जास्त ठेवला तर गुडघा बोंबलतो.

मोठ्या सपाट चाकावर व्ही बेल्ट (खाली निमुळता पट्टा) चालतो, खाच फक्त लहान पुलीला हवी. चाक २४ इंची आणि पुली ३ इंची धरली तर पायाच्या एका फेऱ्यात लाकडाचे ८ फेरे होतात. मिनिटाला ७० वेळा पाय मारला की ५६० फेरे, बेलण्याला भरपूर. पोळपाटासारखं रुंद काम करायचं असेल तर शेजारी ६ इंची पुलीही ठेवा. ओबडधोबड पाट ५६० च्या वेगाने फिरवू नये. पायडलची फळी मात्र लेथच्या लांबीइतकी रुंद करा. पाय बदलता आला नाही तर तासाभरात कंबर धरते.

चाकाचा खटाटोप नको असेल तर मानवेल बांबूचा लेथ करा. वर बांबू, खाली फळी, मधे दोरी, आणि त्या दोरीचा कामाला दीड वेढा. फळी दाबली की लाकूड तुमच्याकडे फिरतं, सोडली की बांबू उलटं फिरवतो, त्यामुळे कापायचं फक्त दाबताना. ओल्या लाकडाला हा प्रकार मला चाकापेक्षाही आवडतो. फक्त ओलं कातलेलं सुकल्यावर लंबगोल होतं, तेव्हा माप जाड ठेवा. लाकूड धरणाऱ्या दोन्ही टोकांच्या अण्यांना एरंडेल तेल लावत राहा, नाहीतर धूर निघेल.

पटाशीही तपासा. सागात वाळूचे सूक्ष्म कण असतात, धार पटकन जाते, आणि बोथट पटाशीला कितीही मोठं चाक अपुरंच. हात बसेपर्यंत शिवण किंवा हळदू घ्या. जुन्या कानशीची पटाशी करू नका, ती ठिसूळ असते आणि तुकडा डोळ्यात जातो. जीपच्या कमानपाट्याची लोहाराकडून तेलात पाणी देऊन (तापवून तेलात बुडवून कडक करून) करून घ्या. टेकणीची, म्हणजे पटाशी टेकवायची, पट्टी लाकडापासून पाव इंचावर आणा. टेकणी लाकडापासून लांब असली तरी थरथर होते. आणि गळ्यातला दुपट्टा आधी खुंटीला.